सावली जिना चढते तेव्हा

धानोऱ्याच्या बाजूला धानकापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटकं रंगू लागतात. रात्रभर जागणाऱ्या इथल्या प्रेक्षकाला ठसठशीत हावभावांचा अभिनय नवा नाही. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा ‘नोस्फेरातू’ हा जर्मन मूकपट त्याला परका वाटू नये.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरीवरून एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी तो केला आणि १९२२ मध्ये बर्लिनला तो झळकला. तेही हक्क न घेताच! ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक केला, तरी उचलेगिरी लपली नाही. स्टोकरच्या पत्नी फ्लोरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. काही प्रती बचावल्या, म्हणून तो आज पाहता येतो.

पाहताना सावल्यांवर नजर ठेवावी. जिन्याच्या प्रसंगात ऑर्लॉक झालेला मॅक्स श्रेक दिसतच नाही; भिंतीवरून वर सरकते ती वाकलेली पाठ आणि लांबलचक नखांची बोटं. जंगलातून बग्गी धावते तेव्हा चित्र अचानक निगेटिव्ह होतं: झाडं पांढरीफटक, आभाळ काळं.

रात्रीची बरीच दृश्यं मात्र भर उन्हात चित्रित करून फिल्मला निळी छटा दिली होती. ती छटा नसलेल्या प्रतीत ऑर्लॉक शवपेटी काखोटीला मारून दिवसाढवळ्या फिरताना दिसतो.

कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो. उन्हानं पिशाच्च विरून जाण्याची कल्पना या मूकपटाची. पुढच्या असंख्य भयपटांनी ती बिनदिक्कत उचलली.