तरंगंबाडीची एक जुनी ग्रंथसूची

हस्तलिखितांच्या शोधार्थ फिरणारांस एक अनुभव नेहमींचा आहे. अमुक गांवीं जुनें दप्तर आहे असें ऐकून जावें, तों दप्तर वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडलेलें किंवा गंगार्पण झालेलें आढळावें, आणि हातीं लागावी ती कोणा पूर्वजानें करून ठेवलेली त्याची याद. अशी याद पाहून मन खट्टू होतें, व बहुधा ती तेथेंच टाकून आपण परततों. पुस्तकें गेलीं आणि याद राहिली, अशा स्थितींत नुसत्या यादीपासून काय काय काढतां येतें, हें दाखविणारें एक उत्तम उदाहरण चोळमंडळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथें घडलें आहे. यादीचा कर्ता बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा जर्मन पाद्री. यादीचें साल इ. स. १७०८, त्या वेळीं कर्त्याचें वय सव्विसाच्या घरांत. ज्या मुलखांतून हीं पुस्तकें जमा झालीं तो बहुतांशीं तंजावरच्या भोसल्यांचा असल्यामुळें महाराष्ट्रीय संशोधकांस या प्रकरणाशीं कांहीं कर्तव्य आहेच. पण तेवढ्याच कारणानें आम्हीं हा विषय हातीं घेतलेला नाहीं.

तरंगंबाडी हें ठाणें डेन लोकांस तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून इ. स. १६२० मध्यें मिळालें. पुढें नायकांचें राज्य जाऊन व्यंकोजीराजांचा अंमल बसला, तरी ठाण्याबद्दलचा वार्षिक खंड तंजावर दरबारास भरणें डेनांना चुकलें नाहीं. झीगेनबाल्ग हा सोफिया हेडविग या जहाजांतून १७०६ च्या जुलईच्या ९ तारखेस तेथें उतरला, तेव्हां तंजावरास व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४-१७१२) राज्य करीत होते. हा तरुण सॅक्सनींतील पुल्स्निट्झ गांवचा. आईबाप लहानपणींच वारलेले, प्रकृति नाजूक, विद्याभ्यास हाल्ले येथें आउगुस्ट हेर्मान फ्रांके या धर्मशिक्षकाच्या हाताखालीं झालेला. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आज्ञेनें तो व त्याचा सोबती प्लुट्शौ हे दोघे धर्मोपदेशासाठीं रवाना झाले होते. तथापि राजाज्ञा कोपनहेगनची आणि ठाणें व्यापाऱ्यांचें! कंपनीच्या अधिकाऱ्यांस ही ब्याद नकोच होती, व तसें त्यांनीं पहिल्याच दिवशीं या दोघांस ताटकळत ठेवून स्पष्ट केलें.

शिकवावयास आलेल्या मनुष्यास प्रथम शिकावें लागलें. तामिळ गांवीं मुलांची शाळा ओसरीवर भरत असे. झीगेनबाल्गनें एका वृद्ध पंतोजीस त्याच्या शाळेसकट आपल्या बिऱ्हाडीं आणविलें, आणि मुलांच्या पंक्तीला जमिनीवर बसून बोटानें वाळूंत धुळाक्षरें गिरविलीं. पंतोजीस युरोपची कोणतीच भाषा येत नव्हती. त्यामुळें अक्षरें आलीं, पण अर्थ येईना. तेव्हां अळगप्पन नांवाचा कंपनीचा जुना दुभाषी, ज्यास पोर्तुगीज, डेन, जर्मन व डच या भाषा अवगत होत्या, तो त्यानें नोकरीस ठेविला. कांहीं महिन्यांत बोलणें जमूं लागलें, आणि मग तो ताडपत्रांकडे वळला.

येथें ताडपत्राच्या वाचनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तामिळ लेखक लोखंडी लेखणीनें पानावर अक्षर कोरतो व वर काजळी चोळतो, म्हणजे ओळ उठून दिसते. व्यंजनाचा पाय मोडल्याची खूण म्हणून जो टिंब लावावयाचा तो पानावर बहुधा लावीत नसत. ऱ्हस्व व दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व व दीर्घ ओ, यांत भेद दाखवीत नसत. शब्दांमध्यें जागा सोडीत नसत. त्यांतून मजकूर बहुशः पद्याचा, संधि झालेला, आणि भाषा बोलीहून अगदीं निराळी. मोडीच्या ऱ्हस्वदीर्घानें ज्यांची पुरेवाट झाली आहे त्यांस ही अडचण निराळी समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. ज्यास पद्य आधींच पाठ आहे किंवा छंद ओळखतां येतो त्यासच तें पान नीट वाचतां येतें. अर्थात् नुसतें पुस्तक विकत घेऊन भागत नसे. वाचणारा माणूसहि घरीं ठेवावा लागे.

त्याप्रमाणें त्यानें ठेविलाहि. त्याच्या एका पत्रांतील दिनचर्या मोठी बोलकी आहे. सकाळीं सात ते आठ शब्द व वाक्प्रचार यांची उजळणी. आठ ते बारा पूर्वीं न वाचलेल्या तामिळ पुस्तकांचें वाचन; जवळ एक वृद्ध कवि आणि एक लेखक; कवीनें अर्थ सांगावा, लेखकानें नवे शब्द टिपावे. जेवतांना कोणी तरी वाचून दाखवी. तिसऱ्या प्रहरीं तीन ते पांच पुन्हा वाचन. सायंकाळीं सात ते आठ, डोळ्यांना त्रास नको म्हणून, दुसऱ्याच्या मुखानें श्रवण. आपल्यास बोलतांना व लिहितांना ज्यांचें अनुकरण करतां येईल असेच ग्रंथकार तो निवडी, हेंहि त्यानें नमूद केलें आहे.

आतां संग्रहाची रीत पाहूं. डेनांचा मुलूख म्हणजे एक शहर व भोंवतालचीं थोडीं खेडीं. त्याबाहेर राजाचा अंमल सुरू होई, व तेथें युरोपीय पाद्र्यास मोकळेपणें हिंडतां येत नसे. म्हणून त्यानें आपले लेखक अनेक दिवसांच्या वाटेवर आंतल्या प्रांतांत पाठविले. त्यांस सांगणें असें कीं, विद्वान् गृहस्थ वारले असतील त्यांच्या विधवांचीं घरें शोधून काढावीं व तेथील पुस्तकें थोडक्या किमतींत घ्यावीं. हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं संग्रह केला आहे ते या ठिकाणीं क्षणभर थांबतील. आपणांपैकीं कितीकांच्या कपाटांतील बाडें अशाच घरांतून, अशाच वेळीं, अशाच भावानें आलेलीं आहेत! नवरा गेल्यावर ज्या पुस्तकाचा उपयोग करणारा घरांत उरला नाहीं, तें वाळवीला जाण्यापेक्षां संग्राहकाकडे गेलेलें बरें, हें म्हणणें खरें आहे. पण विकणारीची अडचण ही घेणाराची सवलत झाली, हेंहि तितकेंच खरें आहे. फरक इतकाच कीं, या तरुणानें व्यवहार लपविला नाहीं, आणि त्यामुळेंच हीं पुस्तकें कोणत्या प्रकारच्या घरांतून आलीं हें आज आपणांस ठाऊक आहे.

यादीचें नांव त्यानें लॅटिनमध्यें ‘बिब्लिओथेका मलाबारिका’ असें ठेविलें. (त्या काळचे युरोपीय लोक तामिळांसहि मलबारीच म्हणत.) तींत चार भाग आहेत: स्वतःची व सोबत्यांचीं तामिळ पुस्तकें, रोमन कॅथोलिकांचीं पुस्तकें, तामिळ लोकांचीं स्वतःचीं पुस्तकें, आणि मुसलमानी पुस्तकें. तिसरा भाग सर्वांत मोठा. त्यांत ११९ पुस्तकें आहेत. नुसतीं नांवें देऊन तो थांबत नाहीं. ग्रंथाचा विषय काय, कर्ता कोण म्हणून सांगतात, तो कोण वाचतात, शाळेंत मुलांस शिकवितात कीं काय, दुर्मिळ आहे कीं घरोघरीं आढळतो, असे शेरे तो लिहितो. तिरुवळ्ळुवराचें ‘तिरुक्कुरळ’ त्यांत आहे, मुलांस पाठ करावयास देण्याचीं नीतिवचनें आहेत, आणि मूर्तिपूजेवर कोरडे ओढणाऱ्या शिववाक्कियाराचीं पदें आहेत. हा शेवटचा कवि त्यास विशेष प्रिय असावा, यांत नवल नाहीं. आपल्या वादास अनुकूल साक्षीदार कोणास आवडत नाहीं?

सूचींतील हे शेरे आमच्या मतें तिचा प्राण आहेत. कोणत्या शतकांत कोणता ग्रंथ रचला गेला, हें ठरविण्यास दुसरीं साधनें असतात; पण इ. स. १७०८ मध्यें कावेरीच्या मुखाकडील प्रांतांत सामान्य पढीक माणसाच्या घरीं काय होतें, पोरें काय घोकीत होतीं, आणि कोणता ग्रंथ मागूनहि मिळत नव्हता, हें दुसरें कोण सांगणार? राजाच्या पुस्तकशाळेवरून राजाची आवड कळते. हा संग्रह मात्र ओसरीवरच्या विद्येचा आहे. त्यांतील उणीवहि लक्षांत ठेविली पाहिजे: जें विकावयास निघालें किंवा नकलून घेतां आलें तेवढेंच यांत आलें. ज्या मठांनीं व घराण्यांनीं आपलीं पुस्तकें परक्यास दाखविलीं नाहींत, त्यांची गणना यांत नाहीं.

प्रस्तावनेंत त्यानें एक कबुली दिली आहे. युरोपांत या लोकांस रानटी समजतात व येथें येतांना आपलाहि समज तोच होता. परंतु त्यांचीं पुस्तकें वाचूं लागल्यावर तो पालटला, असा तिचा आशय आहे. हा मनुष्य सहिष्णु होता असें मात्र कोणी समजूं नये. एका देवस्थानांतील लहान लहान मातीच्या मूर्ति त्यानें आवेशानें खालीं पाडल्या, कांहींचीं शिरें उडविलीं. तेव्हां जवळच्या एका पंतोजीनें शांतपणें उत्तर केलें कीं, हे देव नव्हेत, देवाचे शिपाई आहेत. ही हकीगत आपणांस कळते तीहि त्याच्याच लेखणींतून. मूर्ति फोडणारा आणि पोथी जपणारा हात एकच होता; एकास झांकून दुसरा दाखविणें इतिहासाच्या कामीं येत नाहीं.

सूची झाली त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यानें नव्या कराराचें तामिळ भाषांतर आरंभिलें, आणि महिन्याभरांतच त्यास कैद झाली. निमित्त एका न्हाव्याच्या विधवेच्या देण्याघेण्याचें. त्यानें तिची बाजू घेतली व ठाण्याच्या मुख्याधिकाऱ्याशीं बिनसलें. सुमारें चार महिने तो किल्ल्यांत होता. १७०९ च्या मार्चांत सुटका झाली, १७११ त भाषांतर पुरें झालें, आणि पुढें हाल्लेहून तामिळ खिळे आल्यावर तें १७१४-१५ मध्यें छापलें गेलें. आलेले खिळे फार मोठे म्हणून लहान खिळे तेथेंच ओतविले. त्यास शिसें लागलें तें विलायतेहून आलेल्या चीजच्या डब्यांचें. इ. स. १७१९ च्या फेब्रुवारींत तो छत्तिसाव्या वर्षीं तरंगंबाडीसच वारला.

हाल्लेस त्याच्या या व्यासंगाचें कौतुक झालें नाहीं. तामिळांच्या धर्ममतांवर त्यानें १७११ त एक व देवतांच्या वंशावळीवर १७१३ त एक, असे दोन मोठे ग्रंथ लिहून धाडले. पाद्र्यांस तिकडे पाठविलें तें मूर्तिपूजेचा उच्छेद करण्यास, युरोपांत तिचा प्रसार करण्यास नव्हे, अशा अर्थाचें उत्तर फ्रांकेनें दिल्याचें सांगतात. ग्रंथ दप्तरांत पडून राहिले. वंशावळीचा ग्रंथ १८६७ त मद्रासेंत विल्हेल्म गेर्मान यानें छापला. पहिला ग्रंथ १९२६ त कालांड या डच पंडितानें प्रसिद्ध केला. सूचीची एक नक्कल लंडनमध्यें सर हॅन्स स्लोन याच्या संग्रहांत जाऊन पोंचली होती. छापून निघण्याचा योग तिला १८८० सालीं गेर्मानच्याच हस्तें आला. चमत्कार असा कीं, तंजावरच्या राजवाड्यांतील संस्कृत ग्रंथांची बर्नेलची सूची प्रसिद्ध झाली तीहि १८८० सालींच.

आणि पुस्तकें? तो संग्रह आज एकत्र असा कोठेंहि नाहीं. हाल्ले व कोपनहेगन येथें तामिळ ताडपत्रें आहेत, पण ११९ ची ती रांग विखुरली ती विखुरलीच. दमट हवेंत ताडपत्राचें आयुष्य मर्यादित. वेळोवेळीं नकलून घेतलें तरच ग्रंथ टिकावयाचा, आणि नकलून घेणारा मालक नाहींसा झाला कीं पानें किड्यांचीं.

याच तरंगंबाडीस १७५० सालीं श्वार्ट्झ नांवाचा दुसरा तरुण जर्मन पाद्री आला. त्यानें पुढें तंजावरास राहून तुळजाजीराजांचे दत्तक पुत्र सरफोजी यांचा सांभाळ केला. तेच सरफोजी पुढें १७९८ त गादीवर बसले. सरस्वती महालाची वृद्धि त्यांनीं केली, व १८२० च्या सुमारास निघालेल्या काशीयात्रेंतूनहि ग्रंथ मिळवून आणविले. झीगेनबाल्गच्या यादीचा व सरफोजींच्या पुस्तकशाळेचा साक्षात् संबंध जोडण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं, व तसा तो जोडूंहि नये. पण तुलना करण्यास हरकत नाहीं. महालांत पुस्तकें राहिलीं. त्यांतील किती कोणाच्या घरून आलीं, कोण तीं वाचीत असे, हें बहुधा पुस्तकावर लिहिलेलें नसतें. तरंगंबाडीस पुस्तकें गेलीं आणि नेमकी हीच माहिती उरली.

विल् स्वीटमन व इलक्कुवन् या दोघांनीं २०१२ सालीं या सूचीची नवी आवृत्ति काढली व त्यांतील नांवांची ओळख पटविण्याचे श्रम घेतले. काम वाटतें तितकें सोपें नव्हे. जर्मन कानांनीं ऐकलेलें तामिळ नांव जर्मन वर्णांत उतरलें कीं ‘नीतिवेण्बा’चें ‘निदि वुन्पा’ होतें, ‘कोन्रैवेंदन्’चें ‘कोंडेइ वेंडेन’ होतें. बहुतेक नांवें जुळलीं; सर्व मात्र जुळलेलीं नाहींत. तंजावर, कुंभकोणम्, मायवरम् या बाजूस पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांतून मोडी दप्तरांच्या बरोबर तामिळ ताडपत्रांच्या जुड्याहि असण्याचा संभव आहे. लिपि येत नाहीं म्हणून त्या आजवर कोणी सोडल्या नसतील. असा जुडगा ज्यांच्या पाहण्यांत येईल त्यांनीं पहिलें व शेवटचें पान, दोरी ओंवण्याचीं भोंकें, पानांची संख्या आणि जुडगा घरांत कोणाकडून आला याची हकीगत, एवढें तरी टिपून ठेवावें, व पानांस तेल लावण्यापूर्वीं जाणत्या माणसास दाखवावें.