बालाघाटच्या रानातली आंबील

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवती गोलाकार बाजारपेठ. एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते, पण मार्गशीर्ष अमावास्येच्या दुपारी सगळीकडे सामसूम असते. जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी दिलेली असते, दुकानांना कुलपं असतात आणि शहर रानात जेवायला गेलेलं असतं. ही वेळा अमावास्या, इथल्या बोलीतली येळवस. लातूर-धाराशिवसह आसपासच्या सीमाभागात आणि पलीकडे बीदर-कलबुर्गीतही ती साजरी होते.

लातूर ज्यावर वसलं आहे ते बालाघाटचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५०० ते ६०० मीटर उंचीवर आहे. पावसाचा भरवसा नाही. रब्बीची सारी भिस्त काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. ज्वारी, हरभरा, तूर, करडई हीच इथली जुनी पिकं आणि येळवसचं ताट त्यांच्यातूनच सजतं.

ताटाचा राजा म्हणजे भज्जी. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, कोवळा हरभरा, शेंगदाणे, गाजर, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात असं शिवारात पिकलेलं जे हाती येईल ते त्यात पडतं. आदल्या रात्री घरोघरी बायका जागतात. मोठ्या पातेल्यात दाणे शिजू लागले की पालेभाज्या पडतात, मग चिंचेचा कोळ आणि बेसन. बेसन घातल्यावर हात थांबवून चालत नाही, भज्जी बुडाला लागते. ती दाट होत जाते, आंबट-तिखट वास अंगणापर्यंत येतो. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाच्या पोळ्या आणि गव्हाची खीर.

आणि आंबील! ताकात ज्वारीचं पीठ कालवून ती मडक्यात आंबत ठेवायची. लसूण, आलं, मिरची, जिरं, कोथिंबीर वाटून घालायची. पोटभर भज्जी खाल्ल्यावर उन्हात बसून गार आंबिलीचा तांब्या तोंडाला लावावा, त्याची सर कोणत्याही बाटलीबंद पेयाला नाही.

सकाळी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन बायका पुढे निघतात. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, उभारलेली असते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली की आंबील आणि नैवेद्य उभ्या पिकात शिंपडतात, जमिनीला पहिला घास देऊन मगच माणसांच्या पंगती बसतात.

या मातीच्या चवीला आता सरकारी मोहरही मिळाली आहे. निलंगा तालुक्यातली पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ, शिवाय लातूरची कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण काळजीची गोष्ट वेगळीच आहे. सोयाबीनने लातूरचं शिवार व्यापलं आणि ज्वारी मागे हटली. ज्वारी नसली तर कोपीचा कडबा आणि आंबिलीचं पीठ दोन्ही विकत आणावं लागतं. मानांकनाच्या कागदापेक्षा बांधावर ज्वारीच्या चार ओळी अधिक मोलाच्या आहेत.

  

येळवसला लातुरात यायचं असेल तर बाजारपेठेतल्या खानावळीच्या भरवशावर राहू नका. कुणाच्याही शिवारात जा. या दिवशी आलेल्याला न जेवता पाठवत नाहीत; अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात.