मधातलं क्रीम कशाचं असतं?

आज बोलायचं आहे लेकरांच्या आवडीच्या क्रीमच्या बिस्किटांबद्दल. कृती सांगणार आहे, म्हणून वही-पेन जवळ घेऊन बसा. पण आधी ही गोष्ट निघाली कशी, ते सांगते.

आमच्या गटाची मासिक बैठक सुरू होती. एका ताईची शंभर रुपयांची बचत राहिली होती. ती म्हणाली, "या महिन्यात नाही जमलं वं ताई." तेवढ्यात तिचा मुलगा आला आणि पदर ओढून बिस्किटाच्या पुड्यासाठी दहा रुपये मागू लागला. तिनं ते मुकाट्यानं काढून दिले. कोणी काही बोललं नाही, कारण हे प्रत्येकीच्या घरचंच आहे. माझ्याही. रोजचे दहा म्हणजे महिन्याचे तीनशे, वर्षाचे तीन हजार सहाशे पन्नास. शंभराची बचत जड जाते आणि तीनशे रुपये दुकानात जाताना दिसतही नाहीत.

घरी आले तर माझा आठ वर्षांचा मुलगा तेच खात होता. दोन चकत्या उघडायच्या, मधलं क्रीम चाटायचं, चकत्या ताटलीत तशाच ठेवायच्या. त्यानं मला विचारलं, "आई, हे मधातलं क्रीम कोणत्या दुधाच्या सायीचं असते?"

मी पाकीट उलटं करून वाचलं. पाकिटावर घटकांची यादी वजनानुसार लिहावी लागते. ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी. मैदा, साखर, मग पाम तेल. सायीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे आपण ज्याला क्रीम म्हणतो, ते बहुतेक वेळा साखर, घट्ट तेल, रंग आणि वास यांचं मिश्रण असतं.

ही बिस्किटं मुळात आपल्याकडची नाहीत. दोन चकत्यांमध्ये चॉकलेटचं क्रीम भरलेलं बोरबॉन बिस्किट इंग्लंडमध्ये १९१० साली निघालं. अमेरिकेत १९१२ साली ओरिओ आलं. मुंबईत विलेपार्ल्याच्या पार्ले कारखान्यात १९३९ साली बिस्किटं बनू लागली. आता ती आपल्या गावातल्या लहानशा दुकानातही टांगलेली दिसतात. पण भाजण्याची कला आपल्याला नवी नाही. दिवाळीत घरचं तूप, पीठ, साखर घेऊन भट्टीवर नानखटाई करून आणणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. हे बिस्किट तिचंच पातळ भावंड समजा.

मी ठरवलं, एकदा लेकरांसोबतच करून पाहू. आपला नरखेड-काटोलचा पट्टा संत्र्याचा. दिवाळीपासून आंबिया बहाराची फळं हाताशी असतात. म्हणून क्रीमही संत्र्याचंच.

साहित्य लिहून घ्या. चकत्यांसाठी कणीक १०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, थिजलेलं तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि लागलं तर एक-दोन चमचे दूध. क्रीमसाठी थिजलेलं तूप ५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम आणि एका संत्र्याच्या सालीचा कीस. साखर घरीच मिक्सरमधून काढून चाळून घ्या. यात सुमारे छत्तीस चकत्या, म्हणजे अठरा बिस्किटं होतात.

तुपाऐवजी डालडा चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. डालड्यासारख्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट नावाची, हृदयाला वाईट चरबी असायची. सरकारनं जानेवारी २०२२ पासून तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. तरी घरी थोडंच करायचं आहे, तर साजूक तूप किंवा घरचं लोणी बरं. लोण्यात पाणी असतं, म्हणून ते घेतलं तर दूध घालू नका.

चकत्या. तूप आणि साखर हातानं गोल गोल फेसा. रंग पांढुरका झाला की पीठ, बेकिंग पावडर आणि मीठ चाळून घाला. आता फक्त गोळा होईल इतकंच एकत्र करा. लेकरं पोळीच्या कणकेसारखं तिंबायला जातात. तिथेच थांबवा. जास्त मळलं की पिठाला चिकटपणा येतो आणि बिस्किट कडक होतं. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. मग बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी जाड लाटा आणि पाच सेंटिमीटर रुंदीच्या झाकणानं चकत्या कापा. काट्या चमच्यानं वर टोचे मारा, म्हणजे त्या फुगत नाहीत.

भाजणं. ओव्हन नको. जाड बुडाच्या लोखंडी किंवा जुन्या ॲल्युमिनियमच्या कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर रिंग ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. नॉनस्टिकची कढई घेऊ नका, कोरडी तापून तिचा थर खराब होतो. ताटलीला तूप लावून चकत्या सुट्या सुट्या मांडा आणि झाकून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की काढा. गरम असताना त्या मऊ लागतात, म्हणून कच्च्या समजू नका. गार झाल्यावर खुसखुशीत होतात. एका वेळी सहा-सात चकत्या बसतात, म्हणजे पाच-सहा खेपा लागतात. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका. तेच मीठ पुढच्या वेळी भाजायलाच वापरा, खायला नको.

क्रीम. संत्र्यावर फवारणी झालेली असते. कोमट मीठ-पाण्यात चोळून धुवा आणि पुसून कोरडं करा. किसणीनं फक्त वरचा केशरी भाग किसा. खालचा पांढरा भाग कडू असतो. तूप फेसून त्यात साखर थोडी थोडी घाला, मग कीस. रस मात्र घालू नका. मी पहिल्यांदा लेकरांच्या आग्रहानं चार चमचे रस ओतला. क्रीम फाटलं आणि बिस्किटं संध्याकाळपर्यंत नरम पडली. तूप आणि पाणी एकजीव होत नाही, आणि ते पाणी चकत्या ओढून घेतात. चकत्या पूर्ण गार झाल्यावरच क्रीम भरा, नाहीतर ते वितळून बाहेर येतं. त्याच कारणानं हे थंडीचंच काम आहे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तुपाचं क्रीम डब्यातही टिकत नाही. कोऱ्या चकत्या घट्ट डब्यात आठवडाभर राहतात, भरलेली बिस्किटं तीन-चार दिवसांत संपवा.

कोणी काय करायचं? चार-पाच वर्षांच्या लेकरानं साखर चाळायची, चकत्या कापायच्या. सात-आठ वर्षांच्यांनी वजन करायचं, टोचे मारायचे. किसणी मोठ्या मुलांच्याच हाती द्या. शेगडीजवळ मात्र फक्त मोठं माणूस. कढई जमिनीवर ठेवू नका, आणि गॅस बंद केल्यावरही मीठ बराच वेळ तापलेलं असतं हे लेकरांना आधीच सांगा. आमच्या आजी म्हणाल्या, "पोट्ट्याले काहून सैपाक शिकवतं?" तोच पोट्टा नंतर त्यांना पहिलं बिस्किट द्यायला धावला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. क्रीमसाठी साखर मोजताना मुलगा तराजूकडे पाहून म्हणाला, "एवढी?" ताटलीत तुपाचा लहान गोळा आणि शेजारी त्याच्या दुप्पट साखरेचा ढीग. आम्ही दोघांनी पाटीवर हिशेब केला. ७० आणि १०० मिळून १७० ग्रॅम साखर, अठरा बिस्किटं. एका बिस्किटात साडेनऊ ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे दोन लहान चमचे. चार बिस्किटं खाल्ली तर आठ चमचे. मी रागावून शंभरदा सांगितलं असतं तरी ते त्याला एवढं पटलं नसतं.

म्हणून बायांनो, एक खरं सांगते. घरी केलं म्हणून हे बिस्किट पौष्टिक होत नाही. त्यात तूप-साखर आहेच आणि तेही स्वस्त नाही. रोज करायची ही वस्तू नव्हे. सणाला, सुटीला, वाढदिवसाला करा. रोजच्या भुकेला भाजलेले शेंगदाणे, गूळ-पोळी, फुटाणे आहेत, आणि हंगामात घरचं संत्रं आहे. कोणत्या गटाला विकायचं मनात असेल, तर आधी अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करा आणि खर्चाचा हिशेब मांडा, मगच पाकीट बांधा.

माझा मुलगा अजूनही पुडा मागतो, खोटं कशाला बोलू? पण आता रोज नाही, रविवारी. दुकानात उभा राहून आधी पाकीट उलटं करतो आणि यादी वाचतो. उरलेल्या दिवसांचे दहा रुपये आम्ही घरातल्या डब्यात टाकतो. त्या ताईच्या घरीही असा एक डबा आहे. गेल्या बैठकीत तिची बचत वेळेवर आली, आणि पैसे मोजून दिले तिच्या मुलानं.