ढिगाऱ्यापाशी लागणारे कसब

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीतील ‘मातृकृपा’ ही जुनी इमारत कोसळली आणि नऊ माणसे तिच्याखाली मृत्युमुखी पडली. त्याच्या दोनच वर्षे आधी, ४ एप्रिल २०१३ रोजी, शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधील बेकायदेशीर इमारत ७४ जणांचा बळी घेऊन भुईसपाट झाली होती. आणि पुढे २०२० च्या सप्टेंबरात भिवंडीतील जिलानी इमारत पहाटेच्या वेळी, कुटुंबेच्या कुटुंबे झोपेत असताना, ढासळली. अशा प्रत्येक प्रसंगी शेजारपाजारचे लोक हातातले काम टाकून धावतात, मिळेल ती पहार नि घमेले घेऊन ढिगाऱ्यावर चढतात आणि कोणाचीही जातपात न विचारता विटा उपसू लागतात. करुणेची वानवा ठाणे जिल्ह्यात कधी पडलेली नाही. परंतु ढिगाऱ्यावर चढलेल्या पन्नास दयाळू माणसांच्या भारानेच खालची पोकळी बुजू शकते, आणि एक तुळई चुकीच्या बाजूने उचलली गेली तर तोवर तग धरून राहिलेला जीव त्याच क्षणी संपतो. परोपकाराला कसबाची जोड लागते ती येथे.

ठाकुर्लीच्या माणसाला हे पटवून देण्याची फारशी गरज पडू नये. चोळे गावाजवळ रेल्वेने उभारलेल्या वीजगृहाच्या आणि बावनचाळीच्या आसऱ्याने ही वस्ती वाढली. फिटर, बॉयलरवाले, तारमिस्त्री यांच्या बिनचूक हातांवर मुंबईच्या लोकल धावत, हे येथल्या जुन्या घरांतून अजून अभिमानाने सांगितले जाते. त्याच परंपरेत वाढल्यामुळे असेल, आमच्या परिसरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांची रंगीत तालीम झाली तेव्हा माझे लक्ष त्यांच्या यंत्रांकडे प्रथम गेले. काँक्रीट कापणारी करवत, भिंतीच्या छिद्रातून आत घालायचा लांब दांड्याचा कॅमेरा, दगडाआडची धडपड ऐकणारी श्रवणयंत्रे, लाकडी ठोकळ्यांच्या राशी असा सारा सरंजाम तेथे मांडून ठेवला होता. पण तालीम सुरू झाली आणि पहिली हालचाल केली ती हातात कागद-पेन्सिलीखेरीज काहीही नसलेल्या एका इसमाने. तो बघ्यांकडे आला आणि प्रश्न विचारू लागला: या घरात किती माणसे राहतात, ती या प्रहराला कोणत्या खोलीत असतात, जिना कोणत्या बाजूस होता, गॅसची टाकी कोठे ठेवली जाई, आज कोणी बाहेरगावी गेले आहे काय. उत्तरे तो एका ओबडधोबड नकाशावर टिपून घेत होता. या जबानीवरच पुढचा सारा शोध आखला जातो; ती चुकली तर उत्तमोत्तम यंत्रे रिकाम्या खोलीपाशी तासन् तास झिजत राहतात.

त्याच्यामागून येतो तो स्थापत्य-अभियंता. एरवी अभियंत्याने इमारत उभी करावयाची. येथे त्याला पडलेली इमारत वाचावयाची असते. स्लॅब एकावर एक सपाट बसले आहेत, की एका भिंतीला टेकून तिरपे राहिले आहेत, की मध्येच मोडून खाली खचले आहेत, यावरून जिवंत माणूस मावेल अशी जागा कोठे उरली असेल याचा अंदाज तो बांधतो, आणि टेकू कोठे द्यावा, कोणत्या कॉलमला हातही लावू नये, याची आज्ञा करतो. हे ज्ञान प्रदेशागणिक बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जी घरे पडली ती दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचा थर असलेल्या माळवदांची होती. अशी घरे पडली म्हणजे माती साऱ्या फटींत शिरते, श्वास घेण्यापुरती पोकळी क्वचितच शिल्लक राहते आणि फावड्याची घाई करावी लागते. काँक्रीटच्या इमारतीत पोकळ्या राहतात, म्हणून तेथे घाई न करण्याचे कसब लागते. दोन्ही ठिकाणी एकच रीत चालविणारा माणूस कितीही शूर असला तरी उपयोगाचा नाही.

मग शिट्टी वाजते. एक लांब शिट्टी झाली की सर्वांनी हात थांबवून निःशब्द व्हावयाचे, कारण कोणी तरी ऐकत असतो. तीन आखूड झाल्या की हातातले टाकून बाहेर पडावयाचे, कारण सुरक्षेवर नेमलेल्या माणसाला काही तरी हलताना दिसले आहे. एक लांब आणि एक आखूड म्हणजे पुन्हा कामास लागावे. हे संकेत तुर्कस्तानात, नेपाळात आणि भिवंडीत एकच असावेत, अशी संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘इन्साराग’ या सल्लागार मंडळाची पद्धत आहे. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात देशोदेशीची पथके आली, पण एकाची भाषा दुसऱ्यास कळेना आणि कामात मेळ राहीना, या अनुभवातून १९९१ मध्ये हे मंडळ निर्माण झाले. भिंतीवर इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर रंगवून त्याखाली जिवंतांची आणि मृतांची संख्या लिहावयाची, माणूस बाहेर काढला की तो आकडा खोडावयाचा, हाही त्याच शिस्तीचा भाग. मागाहून येणाऱ्या परदेशी पथकाला एक शब्दही न बोलता हकीकत समजते.

तालमीत सर्वांत विलक्षण वाटले ते वैद्याचे काम. सापडलेल्या माणसाच्या पायावरचा दगड ताबडतोब दूर करावा अशी आपली स्वाभाविक प्रेरणा; परंतु बराच काळ दबून राहिलेल्या स्नायूंत साठलेली द्रव्ये दाब हटताच रक्तात पसरतात, हृदयाची गती बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि वाचलेला म्हणून हर्षाने बाहेर काढलेला मनुष्य काही वेळातच दगावू शकतो. म्हणून वैद्य स्वतः त्या बिळात शिरतो, आडव्या अंगाने, टॉर्चच्या उजेडात शीर शोधून सलाइन चालू करतो, आणि त्याने होकार दिल्याशिवाय दगड हलत नाही.

हेच सारे परदेशात करावयाचे झाले म्हणजे आणखी एका माणसाचे महत्त्व एकाएकी वाढते, ज्याचे छायाचित्र वृत्तपत्रात कधी येत नाही. तो म्हणजे रसदीचा अधिकारी. इन्सारागच्या सर्वांत वरच्या श्रेणीतील पथकाला दोन वेगवेगळ्या जागी, रात्रंदिवस, दहा दिवस काम करता यावे लागते, आणि तेही आपले अन्न, पाणी, तंबू, औषधे बरोबर नेऊन. पीडितांच्या तोंडच्या घासात वाटेकरी होऊन चालत नाही. प्रत्येक पेटीचे वजन, विमानातून नेता न येणाऱ्या इंधनाची तेथे पोचल्यावर करावयाची तजवीज, वायरलेसचे परवाने, वेदनाशामक औषधांची कागदपत्रे, कुत्र्यांच्या लसीकरणाचे दाखले हे दप्तर बिनचूक नसेल तर सारे पथक परक्या विमानतळावर अडकून पडते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान हादरला तेव्हा भारताने ‘ऑपरेशन दोस्त’खाली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आणि इस्केंदेरून येथे सैन्याचे ३० खाटांचे क्षेत्ररुग्णालय पाठविले. गाझियांतेप प्रांतातील नुर्दागी येथे दलाच्या ज्युली या लॅब्रॅडॉर कुत्रीने ढिगाऱ्याखालील सहा वर्षांच्या मुलीचा माग लावला, आणि रोमियो या दुसऱ्या कुत्र्याने तो खरा ठरविला. ही कथा सर्वांना माहीत झाली. त्या कुत्र्यांच्या कागदपत्रांवर शिक्के मिळविणाऱ्या कारकुनाची झाली नाही. माझ्या लेखी दोघांचा मान सारखा आहे.

महाराष्ट्राला या विद्येचा वारसा जुना आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनकडे भारतातून पाच डॉक्टरांचे पथक निघाले, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणिसांच्या त्यागाविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यांच्या परिश्रमाविषयी कमी. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले. पण त्यांनी शिकविलेले हात मागे राहिले. परक्या भूमीत जाऊन स्वतः मलमपट्टी करणे एक, आणि तेथल्या माणसांना ती करावयास शिकविणे दुसरे. या दुसऱ्या कामाला मी अधिक थोर मानतो.

आपल्या डोंबिवली-कल्याणच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या ज्या तरुणांना जगाच्या दुःखाला धावून जावेसे वाटते, त्यांनी प्रथम एखादे कसब पक्के करावे: स्थापत्य, विद्युत, औषधनिर्माण, पाणी शुद्ध करण्याचे तंत्र, कोठाराचा हिशेब, किंवा एखादी परकी भाषा. आणि जे घरीच राहणार आहेत त्या आपण सर्वांनी निदान त्या कागद-पेन्सिलवाल्या माणसाचे काम सोपे करून ठेवावे. प्रत्येक गृहसंस्थेने सभासदांची आणि भाडेकरूंची खोलीनिहाय नोंद व इमारतीचा नकाशा अद्ययावत ठेवावा, त्यांची एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या संस्थेच्या चिटणिसाकडे असू द्यावी. आणि इमारतीने तिशी ओलांडली असेल तर तिचे संरचनात्मक परीक्षण पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता करून घ्यावे.