रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि जालन्याचे बेथेल

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव तेथील त्वरितादेवीच्या देवळामुळे प्रसिद्ध आहे. तेथून गोदावरी ओलांडून उत्तरेस गेले असता जालना लागते. या शहराजवळ एकोणिसाव्या शतकात 'बेथेल' नावाची एक ख्रिस्ती वसाहत वसली. 'देऊळ' हा शब्द संस्कृत 'देवकुल' यापासून, म्हणजे 'देवाचे घर' या अर्थाच्या सामासिक शब्दापासून आला आहे. हिब्रूत 'बेथ' म्हणजे घर व 'एल' म्हणजे देव. नाव परके असले तरी त्याचा अर्थ या प्रदेशाच्या बोलण्यात पूर्वीपासूनच नांदत होता.

या वसाहतीचे संस्थापक रे. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईस डॉ. जॉन विल्सन व रॉबर्ट नेस्बिट यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला. परंतु तो अल्पवयीन असल्याने न्या. अर्स्किन पेरी यांनी त्यास पित्याच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठा वाद माजला. त्यास परत घ्यावे या पक्षाचे अग्रणी बाळशास्त्री जांभेकर होते. अशा रीतीने एकाच घरातील दोन भावांच्या वाटा वयाच्या अंतराने वेगळ्या झाल्या.

नारायण शेषाद्री यांनी पुढे मुंबईत अध्यापन केले व १८५४ मध्ये त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. तेथे त्यांचे श्रोते मुंबईच्या इंग्रजी शाळेतील विद्यार्थी नव्हते. ते मुख्यतः मांग समाजातील, अक्षरापासून दूर ठेवलेले लोक होते. निजामाच्या राज्यात त्या काळी दरबारी कामकाज फारसीत चाले. तेव्हा या लोकांस त्यांच्याच बोलीतून शिकविणारा, शिकलेला मराठी माणूस मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत हैदराबाद सरकारकडून जमीन मिळाली आणि तीवर बेथेल उभे राहिले. प्रार्थनामंदिर आले, शाळा आली. येथे अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. वसाहतीतील माणसाचा निवारा, त्याच्या मुलांची शाळा व त्याचे प्रार्थनामंदिर ही तिन्ही एकाच मिशनच्या हाती होती. १८४३ मध्ये न्यायालयाने श्रद्धेचे स्वातंत्र्य वयावर मोजले. भूमिहीनाच्या बाबतीत ते कशावर मोजावे? चरित्रकारांनी हा प्रश्न सहसा टाळला आहे. मात्र टीकाकारांनीही हे ध्यानात घ्यावे की, जातीच्या गावात त्याच माणसास पाणी, जमीन आणि पाटी यांपैकी काय मिळत होते.

१८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री यांनी भाषण केले. १८९१ मध्ये समुद्रप्रवासातच त्यांचे निधन झाले.