वर्ग जोडले, घड्याळांचे काय?

हैदराबादच्या कुकटपल्लीत सायंकाळ झाली की जवळच्याच हायटेक सिटीतील कित्येक कचेऱ्यांत अमेरिकेचा दिवस उजाडतो. साता समुद्रांपलीकडच्या माणसाशी बोलणे हा तेथील तंत्रज्ञांचा नित्याचा व्यवहार. आईबापांना जे साधते ते मुलांच्या वर्गाला का साधू नये?

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथे ते साधले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांना वाटून दिली, याचा बराच गवगवा झाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापण्याची त्यांची कल्पनाही गाजली. त्यांच्या दुसऱ्या उपक्रमाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेले नाही. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना त्यांनी सहा आठवड्यांच्या संवादासाठी एकत्र आणले. प्रत्येकाला पलीकडचा एक सोबती. कराचीचे घड्याळ आपल्याहून अवघा अर्धा तास मागे. परंतु तेथे जाण्याचा परवाना मिळवावयाचा म्हटले तर किती महिने, हे देवच जाणे!

यंत्र मिळाले म्हणजे काम झाले, हा भ्रम जुना आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. त्यांत त्या वेळचा आंध्र प्रदेशही होता. सकाळी शाळेतील मुले पडद्यासमोर बसत. पण पडद्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, आणि वर्षभराची मुदत संपताच उसना अमेरिकन उपग्रह अन्यत्र हलविला गेला.

आज उलट बोलता येते. अडते ते वेळेवाचून आणि भाषेवाचून. न्यूयॉर्कची शाळा भरते तेव्हा आपल्याकडे सायंकाळ झालेली असते. गोव्यातील बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. त्या वेळी लिस्बनमध्ये उन्हाळ्यात नऊ, हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. म्हणजे युरोपशी बोलावयाचे तर शाळा सुटल्यावर शिक्षकाला थांबावे लागणार, आणि मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला इंग्रजीचा आधार द्यावा लागणार. हे काम हौसेवर सोपवून चालणार नाही. आठवड्यातून अशी एक दुपार शिक्षकाच्या अध्यापनाच्या तासांत धरावी, एवढा आदेश शिक्षण खात्याने काढावा. संगणकांची नवी खरेदी त्यानंतर करता येईल.