तारेचा दिवा आणि नवा नियम

दिव्यानें उजेड द्यावा, हें त्याचें काम. परंतु जळत्या जुन्या दिव्याजवळ हात नेला, तर तो दिव्याचें काम थोडें व शेगडीचें अधिक करीत आहे, हें तत्काळ कळून येईल. काचेच्या गोळ्यांतील टंगस्टनची तार विजेनें तापून लाल-पांढरी झाली, म्हणजे ती प्रकाशूं लागते. पण तिला दिलेल्या विजेपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक भाग उष्णतेंत वायां जातो.

एल. ई. डी. दिव्यांत तार तापवावीच लागत नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या चिमुकल्या स्फटिकांतून वीज गेली, कीं तो प्रकाश देतो. जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड येथें सुमारें ९ वॅटांत मिळतो. रोज चार तास जळल्यास जुना दिवा वर्षाकाठीं ८८ युनिटें खाईल, तर नवा केवळ १३.

मग जुन्या दिव्यास कायद्यानेंच मनाई कां करूं नये? युरोपीय संघानें तसें केलें. सप्टेंबर २००९ मध्यें १०० वॅटच्या दिव्यांपासून आरंभ करून २०१२ पर्यंत नेहमींचे तारेचे दिवे त्यानें टप्प्याटप्प्यानें बाजारांतून काढविले.

परंतु हाच नियम भीमाशंकरच्या वाटेवरील तळेघरास लावून पाहावा. आंबेगांव तालुक्यांतील या डोंगरी गांवच्या शेतकऱ्यास जुना दिवा थोडक्या पैशांत मिळे; नव्यास २०१४ सालीं घाऊक खरेदींतही ३१० रुपये पडत. वर्षभरानें होणारी बचत त्यास आज उसनी कोण देणार? नुसत्या मनाईनें कायदा पाळला गेला असता. घर मात्र अंधारांत राहिलें असतें.

म्हणून आपल्याकडे आधीं किंमत उतरविण्यांत आली. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या, पुढें 'उजाला' म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेंत सरकारी कंपनीनें कोट्यवधि दिवे एकत्र खरेदी केले. २०१६ मध्यें खरेदीचा दर ३८ रुपयांवर आला. एकंदर ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. त्यानंतर नियम आला: १ जानेवारी २०१८ पासून एल. ई. डी. दिव्यांवर कार्यक्षमतेच्या ताऱ्यांचें लेबल सक्तीचें झालें.

तें लेबल वाचण्याचें काम मात्र आपलें आहे. वॅट म्हणजे खर्च आणि ल्यूमेन म्हणजे उजेड. सायंकाळीं सर्वांचेच दिवे एकदम लागतात व विजेची ओढाताण होते. त्या वेळीं शहरांतल्या दिवाणखान्यांत वांचलेली वीज कोणा दूरच्या घरीं उपयोगीं पडते.